चार बोटांचे पट्टे

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली तीस वर्षं मी बोलले आणि आमच्या ह्यांनी ऐकलं. उरलेल्या एका वर्षाचं काय म्हणाल, तर तेव्हा मुलीच्या वेळचं आजारपण होतं आणि माझा घसा बसलेला होता.

हे गाड्यांना रंग मारायचे. गॅरेजात ह्यांचं खरं नाव कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. सगळे 'आरसा' म्हणायचे. आरसा आला का, ही गाडी आरशाकडे द्या, आरशाला विचारा. ह्यांनी रंगवलेल्या दारात बघून लोक भांग पाडायचे. एका गिऱ्हाइकानं तर दातात अडकलेलं काहीतरी त्यात बघून काढलं, आणि त्याचा ह्यांना इतका आनंद झाला की घरी येऊन तेच दोनदा सांगितलं. बाजारात मला कुणी कुणी आरशीण म्हणायचं. मी वरवर चिडायचे. खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटायचं.

हाताचं मात्र विचारू नका. थिनरनं पार सोलवटलेले. थंडी पडली की भेगा इतक्या खोल जायच्या की भाकरीचा तुकडा मोडताना रक्त यायचं. चादरीवर हात ठेवला तर धागे ओढले जायचे. मी किती वेळा म्हटलं, रबरी मोजे घाला. गॅरेजात मोजे मिळायचेही. पण ह्यांचा एक हट्ट होता. सगळी घासपूस झाली, गाडी शेवटची पुसून झाली, की रंगाच्या अगदी आधी हे डोळे मिटायचे आणि उघडा तळवा गाडीवरून फिरवायचे. टपापासून खालपर्यंत, एकाच दिशेनं, एका पट्ट्याला लागून दुसरा पट्टा, बोटभरसुद्धा जागा सोडायची नाही. कुठे बारीक कण राहिला, कुठे पुट्टी तसूभर वर आली, तर तिथे तळवा थांबायचा. म्हणायचे, डोळा फसतो, तळवा फसत नाही. आणि मोज्यांचं काढलं की म्हणायचे, मोजा घालून कुणी लेकराच्या गालावरून हात फिरवतं का. यावर मी काय बोलणार? आणि मी गप्प बसले म्हणजे माणूस किती पक्कं बोलला असेल बघा.

थोरले मालक होते तोवर सगळं ठीक चाललं. ते गेले, मुलगा गादीवर आला. माणूस वाईट नाही, उगाच पाप कशाला घेऊ. पण नव्या मालकानं काचेची खोली आणली. आत हवा गाळून येते, धूळ येत नाही, रंग मारला की वरून भाजून निघतो. खोलीबरोबर तीन माणसं आली, त्यांच्याकडे शिकल्याचे कागद होते. ह्यांच्याकडे कागद कुठला? ह्यांना पाईप दिला आणि गाड्या धुवायला लावलं. सहा महिने ह्यांनी गाड्या धुतल्या. घरी येऊन अक्षर बोलले नाहीत. मला कळलं ते दुसऱ्याकडून, आणि मी गॅरेजात जाऊन तमाशा करणार होते, तर हे दारातच आडवे आले.

मग एक दिवस काय झालं, त्या काचेच्या खोलीतून निघालेली गाडी बघून हे बोलून गेले, की असली चकाकी तर मी घराच्या पत्र्याखाली आणतो. सगळे हसले. मालक हसला नाही. थोरल्या मालकांची जुनी काळी गाडी खोळ घालून मागे पडली होती. मालक म्हणाला, काका, मग ही घेऊन जा. पुढच्या सोमवारी नवं गॅरेज उघडतंय, ही गाडी तिथे दारात उभी करायची आहे. जमली तर तिथलं रंगाचं सगळं काम तुमच्या हाताखाली. नाही जमली तर मग पाईपही ठेवा आता, वय झालं, घरी बसा. रविवारी पाच वाजता मी बघायला येतो.

म्हणजे आठ दिवस. आणि रंग काळा. काळा रंग चहाडखोर असतो, हे म्हणायचे, जे झालं असेल ते सगळ्या गावाला सांगतो.

घराला लागून पत्र्याची शेड होती, त्यात आम्ही लाकडं आणि मोडकं सामान ठेवायचो. दोघांनी मिळून रिकामी केली. चारही बाजूंनी प्लास्टिक लावलं. ह्यांचा तो उत्साह काय सांगू, सहा महिने मान खाली घालून जेवणारा माणूस ताटावर बसून मला पुट्टीचे प्रकार समजावत होता. जुना रंग खरवडला, पोचे काढले, पुट्टी भरली, प्रायमर मारला. पाणी टाकत टाकत खरखरीत कागदानं घासणं, तर ते संपेचना. मीही घासलं. मधे दोन दिवस वीज गेली आणि रंगाच्या गनला हवा देणारा कॉम्प्रेसर गप्प. हे शेडमध्ये फेऱ्या मारत होते आणि मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते.

घरात नियम असे कडक, की विचारू नका. तेलाचा थेंब उडाला तर रंग फाटतो. म्हणून तळण बंद, फोडणी बंद, केसांना तेल बंद. मी आठ दिवस उकडलेलं खाल्लं आणि डोक्याचं पाखराचं घरटं करून हिंडले. शेजारणीलाही जाऊन बजावलं, की शनिवार-रविवार तुमची कढई चढवायची नाही. आमच्या दोघींचं आधीच मोरीच्या पाण्यावरून वाजलेलं. ती म्हणाली, नाही चढवणार. पण तोंडानं म्हणाली, मनानं म्हणाली की नाही कुणास ठाऊक, असं मी ह्यांना सांगितलं.

शनिवारी काळा रंग बसला. अगदी एकसारखा, पण मंद. चकाकी वरच्या पारदर्शक थरानं येते, तो रविवारचा. रविवारी सकाळी हे पुन्हा सगळ्या गाडीवरून ओला कागद हलक्या हातानं फिरवत होते, आणि मी बघते तर बादलीतलं पाणी लालसर. आठ दिवस हात पाण्यात, वर थिनर. अंगठ्याच्या बुडाशी भेग अशी उघडलेली की आतलं दिसत होतं. मी म्हटलं, थांबा तरी. म्हणाले, ऊन कलेपर्यंत थांबायचंच आहे, तासभर पडतो.

आता इथून जे आहे ते माझं आहे.

मुलगी दवाखान्यात नर्स आहे. त्याच्या महिनाभर आधी आली होती तेव्हा बापाचे हात बघून रडली आणि जाताना मला एक ट्यूब देऊन गेली. भारीतली. हे काही लावून घेणार नाहीत, हे आम्हां दोघींना ठाऊक. मी तिला मुद्दाम विचारलं, तेलकट नाही ना गं? ती म्हणाली, "तेल नाहीच ह्यात, आई. बघ, चिकटतसुद्धा नाही." ट्यूबवरही तसंच लिहिलं होतं, मी चष्मा लावून वाचलं. मी ती शिवणाच्या डब्यात लपवून ठेवली होती.

हे झोपले होते. थकून मेल्यासारखे. दोन्ही तळवे वर, उघडे. मी बाजूला बसले आणि हळूहळू लावलं. बोटांच्या मधे, भेगांच्या आत, तळव्यावर. अर्धी ट्यूब जिरवली. एकदा हाताची हालचाल झाली, पण जाग आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हातांनी माझं ऐकलं, असं मला वाटलं. इतकी खूश होते मी.

उठले, साबणानं हात-तोंड धुतलं, पुसलं. मुठी दोनदा उघडल्या-मिटल्या आणि म्हणाले, "आज हात बरा वाटतोय." मी गालातल्या गालात हसले. सांगितलं नाही. काम झाल्यावर सांगू, मालकासमोर सांगू, म्हणजे जरा माझाही मान राहील, असा माझा बेत.

शेडमध्ये फरशीवर पाणी मारलं, धूळ बसवली. गाडी पुसून झाली. मग डोळे मिटून तळवा फिरला, टपापासून खाली, बॉनेटवर, दारांवर, मागे. कुठेही थांबला नाही. मी प्लास्टिकच्या फटीतून बघत होते. इतकी स्वच्छ गाडी आयुष्यात केली नाही, असं म्हणून ह्यांनी गन उचलली.

टपावर थर बसला आणि खरंच सांगते, पत्रा, प्लास्टिक, बल्ब, सगळं त्यात उतरलं. मग बॉनेट. बॉनेट अर्धं झालं तेव्हा हे थांबले, मागे वळून टपाकडे बघितलं. ओला रंग ठिकठिकाणी मागे सरत होता. गोल गोल खड्डे, मसुराएवढे, त्यांच्या तळाशी कोरडा काळा रंग. गॅरेजात ह्याला माशाचे डोळे म्हणतात. एक नाही, दहा नाही, शेकड्यानं. ह्यांनी कॉम्प्रेसर बंद केला, नळीत तेल आलं का बघितलं, गन धुतली, पुन्हा दारावर मारून बघितलं. तिथेही तेच.

मी आत शिरले. मलाही दिसलं की ते डोळे कसेही पडलेले नव्हते. पट्टे होते. चार बोटं रुंद, एकाशेजारी एक, वरून खाली. मला त्याचा अर्थ कळला नाही. हे मात्र ते पट्टे बघत उभे राहिले, मग स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं, तळवे नाकाशी नेले. आणि घरात मोरीकडे गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

माझं डोकं फिरलं. मी अंगणात जाऊन शेजारणीच्या दारासमोर उभी राहिले आणि सगळी गल्ली ऐकेल अशी सुरू झाले. ती बाहेर येऊन म्हणाली की सकाळपासून चूल थंड आहे, येऊन बघा. मी कुठली बघते? मी दोन्ही हात वर करून म्हटलं, "ज्याच्या हातानं हे झालं, त्याचे हात झडोत. ह्यांच्या अन्नात ज्यानं माती कालवली, त्याला अन्न गोड लागू नये."

मागे वळले तर हे दारात उभे. हात ओले. कधीपासून उभे होते देव जाणे. म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. हात माझाच."

मी म्हटलं, म्हणजे? तेवढ्यात मालकाची गाडी आली. पाच वाजायलाही पाच मिनिटं कमी होती.

मालक शेडमध्ये गेला, बघितलं, आणि हसला नाही की रागावला नाही. मी म्हणते ना, माणूस वाईट नाही. म्हणाला, काका, हे तुमचं काम नाही, कुठूनतरी काहीतरी आलंय. काय झालं ते नक्की सांगा. चूक सापडली असेल तर उद्घाटन मी दोन दिवस पुढे ढकलतो, घासून पुन्हा मारा. मी दारातून ओरडले, सांगा की त्यांना, घाबरता काय, सांगा कुणाच्या तळणाचं झालं ते.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला आजही आठवते. तेव्हा मला वाटलं, घाबरलेत. मग मालकाकडे वळून म्हणाले, "कुणाचं काही नाही. माझा हात गेला."

मालकानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन गाडी ओढून घेऊन गेली.

त्यानंतर मी ह्यांना काय काय बोलले, ते लिहायलाही लाज वाटते. कणा नाही तुमच्यात. दोन दिवस देत होता ना तो? तोंड शिवलं होतं का? एक शेजारीण दुखावेल म्हणून आयुष्याचं वाटोळं करून घेतलंत. जेवताना बोलले, उठताना बोलले, मुलीला फोनवर बोलले. दोन वर्षं बोलले. हे ऐकून घ्यायचे. आता शाळेच्या फाटकावर बसतात, मुलं सायकली नीट लावतात की नाही ते बघतात. ती काळी गाडी काचेच्या खोलीतून रंगून आली, कधीमधी रस्त्यात दिसते. दिसली की हे चपलेचा अंगठा नीट करायला वाकतात.

गाडी गेली त्याच संध्याकाळी मी ट्यूब घेऊन समोर बसले होते. आता काय लपवायचं, असं म्हणून. वाटलं होतं, झिडकारतील. तर दोन्ही हात आपणहून पुढे केले. म्हणाले, "लाव आता खुशाल. आता काय बिघडायचंय." मला वाटलं, माणूस सगळ्याला कंटाळून बोलतोय. मी लावलं. तेव्हापासून रोजचंच झालं. मुलगी न चुकता ट्यूब पाठवते.

परवा हे म्हणाले, ती गन उगाच पडून आहे, रंगाच्या दुकानात देऊन ये. स्वतः गेले नाहीत. दुकानदार म्हातारा, ह्यांचा जुना माणूस, मला वहिनी म्हणतो. मी पिशवीतून गन काढून पुढे केली, तर त्यानं हातात घेतली नाही. आधी फडकं आणलं. मला राग आला. म्हटलं, विटाळ होतो का माझा?

तो म्हणाला, "तसं नाही, वहिनी. तुमच्या हाताला क्रीम लावलंय ना? वास आला. गनला लागायला नको."

सकाळीच ह्यांना लावलं होतं, ते माझ्याही हाताला होतंच. मी म्हटलं, ह्यात तेल नसतं. मला सगळं माहीत आहे, आरशाची बायको आहे मी. तर तो हसला आणि म्हणाला, तेल परवडलं. ह्यात सिलिकॉन असतं. साबणानं धुतलं तरी जात नाही, आणि असा हात जिथे जिथे टेकेल तिथे रंग धरत नाही, गोल गोल डोळे पडतात.

दुकानात आणखी कुणी होतं की नाही, मला आठवत नाही. मी विचारलं, हात फिरवला असेल तर? तो म्हणाला, फिरवला तर मग पट्टेच पडायचे, हाताएवढे. मी विचारलं, ह्यांना हे ठाऊक असेल का हो?

"आरशाला?" तो गन पुसत होता. "मला हे त्यानंच शिकवलंय."

मी गन तिथेच सोडली. रस्त्यानं चालताना एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली. गाडी गेली त्या संध्याकाळी ट्यूब मला शिवणाच्या डब्यात सापडली नव्हती. मोरीच्या कट्ट्यावर होती, झाकण घट्ट लावलेली. मी मनात म्हटलं होतं, बघा, मीच कुठेतरी विसरले. त्या रविवारी हात धुताना ह्यांनी ती बघितली, हातात घेतली, आणि दारात आले तेव्हा मी अंगणात हात वर करून शाप देत होते. त्यानंतर माझं नाव घेणं ह्यांच्यानं झालं नाही. मालक दोन दिवस देत होता. बायकोनं क्रीम लावलं, एवढेच शब्द पुरले असते. गॅरेज हसलं असतं, गल्ली हसली असती, आणि मी? मी त्या शापाचं काय केलं असतं?

शेजारीण ओट्यावर बसली होती. दोन वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघितलेलं नाही. मी थांबले. म्हटलं, "त्या दिवशी तुमच्याकडे तळण नव्हतं." तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नव्हतंच." तिनं आणखी काय म्हणायला हवं होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

घरात आले तर हे शाळेवरून येऊन बसले होते. मी ट्यूब काढली. ह्यांनी नेहमीसारखे हात पुढे केले. मी ट्यूब धरून नुसतीच बसले.  शेवटी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं." ह्यांनी माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं.

"गन दिली का?" ह्यांनी विचारलं.

"दिली."

"मग लाव."

मी लावलं. बोटांच्या मधे, अंगठ्याच्या बुडाशी, तळव्यावर. आता एकही भेग नाही राहिलेली. हात इतके मऊ झालेत की अंधारात हातात घेतले तर मला ओळखू यायचे नाहीत.